पहिले दहा सेकंद

नोव्हेंबर २०१९. रिची स्ट्रीटवरच्या एका दुकानात मी लॅपटॉप छातीशी धरून उभी होते, तापलेलं मूल दवाखान्यात आणावं तशी. चेन्नईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: माउंट रोडवरून आत वळलं की चार-पाच अरुंद गल्ल्यांचा हा बाजार लागतो. वायरीच्या तुकड्यापासून मदरबोर्डपर्यंत सगळं इथे मिळतं, आणि बंद पडलेलं काहीही इथे चालू करून मिळतं असा या शहराचा विश्वास आहे. दुकानातला मुलगा पंचविशीचा असेल. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. माझ्या प्रत्येक फाइलच्या नावाला मागे चार अक्षरांचं एक अनोळखी शेपूट लागलं होतं. ते वाचून त्याने विचारलं, "अक्का, बॅकअप इरुक्का?"

बॅकअप आहे का.

"इल्लै," मी म्हटलं.

"अप्पो पोच्चु."

मग गेलं. 'पोच्चु' हा शब्द मी कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादात वेगवेगळ्या तऱ्हांनी मराठीत आणला आहे: संपलं, वाया गेलं, हातचं गेलं, बुडालं. त्या दिवशी एकही पर्याय सुचला नाही. तो मुलगा मला अक्का म्हणाला आणि माझ्या माहेरीही मोठ्या बहिणीला आक्काच म्हणतात, एवढंच काय ते डोक्यात फिरत राहिलं.

काय गेलं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

२००६ साली मी चेन्नईत आले. तमिळ शिकले, तमिळमधून मराठीत अनुवाद करू लागले. काही वर्षांनी तिरुवल्लिक्केणीत, पार्थसारथी मंदिरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका बाईंची ओळख झाली. त्या तंजावरी मराठी घरातल्या. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं, त्यांच्यामागोमाग गेलेल्या कुटुंबांचे वंशज आज कुंभकोणम, चेन्नई, बंगळूर असे पांगले आहेत. घरात ते अजून मराठी बोलतात, पण ती आपली मराठी नाही. तिला साडेतीनशे वर्षांचं तमिळचं पाणी मिळालं आहे. बाईंना मी सगळ्यांसारखीच मामी म्हणू लागले. चेन्नईत ठरावीक वयाची कुणीही बाई मामीच असते, त्यासाठी मामा असावा लागत नाही.

२०१३ ते २०१६ या काळात दर गुरुवारी दुपारी मी मामींकडे जायचे. त्या बोलायच्या, मी फोनवर ध्वनिमुद्रण करायचे. लग्नातली गाणी, शिव्या, नात्यांची नावं, पावसाळ्यात पापड कुठे वाळवायचे, कुणाच्या सासूने कुणाला काय म्हटलं. एकेचाळीस ध्वनिमुद्रणं झाली. घरी येऊन मी ती ऐकून शब्दशः टाइप करायची आणि पुढच्या गुरुवारी मामींना वाचून दाखवायची. खरं काम इथे होत असे. मी ऐकलेला शब्द चुकीचा निघायचा. कधी तो शब्द बरोबर असायचा, पण त्याचा अर्थ भलताच असायचा. कधी मामी म्हणायच्या की हा शब्द फक्त बायका वापरतात, पुरुषाच्या तोंडी घालू नकोस. हे सगळं मी समासात लिहून ठेवत असे. चारशेहून जास्त पानं झाली. २०१८मध्ये मामी गेल्या.

ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून मजकूर पुन्हा टाइप करता येतो. मामींनी केलेल्या दुरुस्त्या पुन्हा कुणाकडून करून घ्यायच्या?

आणि बॅकअप का नव्हता? होता. एक बाहेरची हार्ड डिस्क होती. १ डिसेंबर २०१५च्या रात्री अड्यार नदीचं पाणी कोट्टूरपुरममधल्या आमच्या तळमजल्यावर शिरलं, तेव्हा आम्ही लॅपटॉप, मुलाची दप्तरं, तांदळाचा डबा आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. हार्ड डिस्क टेबलाच्या खालच्या खणात राहिली. तीन दिवसांनी खण उघडला तेव्हा त्यात चिखल होता. त्या वेळी मला हसू आलं होतं, कारण लॅपटॉप तर वाचला होता. पुढे आम्ही मंदवेळीला दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो आणि पुराची भीती संपली. नवी डिस्क घेऊ, घेऊ म्हणत चार वर्षं गेली.

आता व्हायरस कुठून आला ते. हे लिहिताना अजूनही कान तापतात.

एका पुस्तकाची प्रूफं पीडीएफमध्ये आली होती आणि त्यावरच दुरुस्त्या करून द्यायच्या होत्या. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं काही हजारांत होतं. मी 'फुकट' असा शब्द जोडून शोध घेतला. पाच मिनिटांत एक झिप फाइल मिळाली, सोबत चिठ्ठी: बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर तो विनाकारण धोक्याचा इशारा देईल. मी बंद केला. विकत घेतलेला, मुदत न संपलेला, रोज स्वतःला अद्ययावत करणारा अँटिव्हायरस मी माझ्या हाताने, 'तुम्हाला खात्री आहे का?' या प्रश्नाला होय म्हणून बंद केला. वाड्याच्या राखणदाराला चहाला पाठवावं आणि दरवाजा सताड उघडा ठेवावा, तसं.

याच पुस्तकाच्या अनुवादाची परवानगी मिळवायला मी आठ महिने घालवले होते. मूळ लेखकाच्या वारसांना पत्रं, फोन, एकदा मदुरैला खेप. तमिळनाडूत एक चांगली प्रथा आहे: सरकार लेखकाच्या वारसांना मोबदला देऊन त्याचं साहित्य सर्वांसाठी खुलं करतं. याला 'नाट्टुडमै' म्हणतात, देशाची मालमत्ता. भारतींच्या साहित्याचे हक्क सरकारने १९४९मध्येच घेतले होते. माझा लेखक त्या यादीत नव्हता, म्हणून मी रीतसर परवानगी काढली. दुसऱ्याच्या लेखनाबाबत इतकी काटेकोर असलेली मी दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर मात्र चोरून वापरायला निघाले होते. सॉफ्टवेअरही कुणीतरी बसून लिहिलेलंच असतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही असं म्हणणं खोटं होईल. सुचलं होतं. मी ते बाजूला सारलं.

काटेकोरपणे बोलायचं तर तो व्हायरस नव्हताच. व्हायरस स्वतःच्या नकला काढत एका फाइलमधून दुसरीत, एका यंत्रातून दुसऱ्यात पसरतो. १९८३मध्ये फ्रेड कोहेन नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्याने असा प्रोग्रॅम लिहून दाखवला आणि त्याचे शिक्षक लेन एडलमन यांनी त्याला हे नाव सुचवलं. माझ्याकडे आलेला प्रकार ट्रोजन होता: हवीहवीशी वस्तू म्हणून आत घेतलेला घोडा. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला सरांनी एकदा विचारलं होतं, इलियडमध्ये हा घोडा कुठे येतो? आम्ही पानं उलटत बसलो. इलियडमध्ये तो येतच नाही. ओडिसीत ओझरता येतो, सविस्तर वर्णन व्हर्जिलच्या एनिडमध्ये आहे. आणि तिथे एक तपशील आहे जो मला परीक्षेपुरता पाठ होता: घोडा आत घ्यायला ट्रॉयच्या लोकांनी आपल्याच नगराची भिंत फोडली.

त्या रात्री प्रूफं तपासायची ठेवून मी झोपले. सकाळी उठले तेव्हा सगळी शेपटं लागली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी होती. तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्लीची किंमत ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मी सूट. चौथाईची परंपरा सांगणाऱ्या लोकांत मी वाढले, खंडणी हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात शिकले, पण खंडणीवर सूट पहिल्यांदाच पाहत होते. ४९० डॉलर म्हणजे तेव्हाचे पस्तीसेक हजार रुपये. एका पुस्तकाच्या अनुवादाचं मला तोवर मिळालेलं सगळ्यात मोठं मानधन याहून कमी होतं.

नवऱ्याने विचारलं, "देऊन टाकायचे का?" तो मनापासून विचारत होता. त्याने मला गुरुवारी दुपारी उन्हातून येताना पाहिलं होतं. मी बहात्तर तासांतले सत्तर तास विचार करण्यात घालवले, हेही लपवत नाही. न देण्यामागे फार मोठं तत्त्व नव्हतं. पैसे घेऊन तो किल्ली देईलच याची हमी कोण देणार, आणि बिटकॉइन पाठवायचे कसे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

या कुटुंबातल्या काही जुन्या प्रकारांची किल्ली तज्ज्ञांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात शोधून फुकट उपलब्ध केली होती. माझं शेपूट त्यानंतरचं निघालं. त्यासाठी प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली होती आणि ती फक्त त्यांच्याकडे होती. हे मला रिची स्ट्रीटवरच्या त्या मुलाने समजावलं, आणि मग म्हणाला की मोठ्या फाइली असतील तर ठेवून जा, बघतो.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. गाणी वाचली.

गाणी म्हणजे मामी.

झालं होतं असं: ही जात घाईत असते. हजारो फाइली मालकाच्या लक्षात येण्याआधी उरकायच्या, म्हणून ती प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा भाग कुलूपबंद करते, सुमारे दीडशे किलोबाइट. मजकुराची फाइल तेवढ्यात जवळपास सगळीच संपते. वर्ड फाइलचा पुढचा काही भाग शिल्लक राहिला तरी तो उघडायला लागणारी व्यवस्था मोडलेली असते. ध्वनिमुद्रण मात्र लांबलचक असतं आणि एमपी-थ्री फाइल तुकड्यातुकड्यांनी बनते, प्रत्येक तुकडा आपापल्या पायावर उभा. पुढचे तुकडे सडले तरी वाजवणारा प्रोग्रॅम ते ओलांडून पहिला धड तुकडा पकडतो. त्या मुलाने शेपूट कापून फाइलला जुनं नाव दिलं आणि ती वाजवली. थोडी खरखर, मग मामींचा आवाज, वाक्याच्या मधूनच.

मी गणित केलं. माझ्या ध्वनिमुद्रणाला सेकंदाला सोळा किलोबाइट लागत होते. म्हणजे प्रत्येक गुरुवारचे पहिले साडेनऊ सेकंद गेले. धरून चालू दहा.

एकेचाळीस वेळा दहा सेकंद, सात मिनिटांहूनही कमी. वाचलं त्यापुढे हे काहीच नाही, असं सगळे म्हणाले आणि ते खरंही आहे. पण त्या दहा सेकंदांत मामी काय बोलायच्या ते मला माहीत आहे. मी यंत्र चालू करून तारीख सांगायचे, त्या तिथी सांगायच्या, आणि मग विचारायच्या जेवलीस का. तंजावरी मराठीत हा प्रश्न नेमका कोणत्या रूपात यायचा ते मी आज छातीठोकपणे लिहू शकत नाही. क्रियापदाचा शेवट कसा होता? चारशे पानांत तो नव्हता, कारण इतक्या साध्या वाक्याची नोंद कोण करतं.

ही सगळी मोडतोड निस्तरताना मी व्हायरसविषयी बरंच वाचलं, जसं आजारी माणूस आपल्या रोगाविषयी वाचतो. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याची नोंद आहे तो 'ब्रेन', १९८६चा, लाहोरचा. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला आणि त्यात आपलं नाव, पत्ता, फोन नंबरसुद्धा घातला. त्यांचं म्हणणं असं की आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघत होत्या, त्या वापरणाऱ्यांसाठी ही तजवीज होती. म्हणजे पहिल्या अंकापासून या नाटकात चोरटी प्रत आहे. लाहोरला दोन भाऊ, तसे पुण्याला दोन भाऊ. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, मग संगणक. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले तेव्हा संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजयने, ते काढण्याचे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून १९९०च्या दशकात 'क्विक हील' उभं राहिलं. इकडे चेन्नईत त्याआधीच, १९९१पासून, के. सेव्हन ही कंपनी हेच काम करत होती आणि पुढे तिने जपानमध्येही गिऱ्हाईक मिळवलं. माझ्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही प्रांतांत पहारेकरी तयार होतात, याचा मला बालिश अभिमान वाटला. माझ्या लॅपटॉपवर या दोघांपैकी कुणी होता की तिसराच, ते सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हताच.

तमिळमध्ये संगणकाच्या व्हायरसला 'नच्चुनिरल' म्हणतात. नच्चु म्हणजे विष, निरल म्हणजे प्रोग्रॅम. आपला 'विषाणू' विषाचा कण. दोन्ही शब्द सांगतात की ते बाहेरून येतं आणि मारतं. माणूस ते हौसेने आत घेतो, हे त्यात नाही. मामींच्या घरी जुन्या पोथ्यांचं एक गाठोडं होतं, लाल फडक्यात बांधलेलं, आत वेखंडाच्या कांड्या ठेवलेल्या. 'कसर लागू नये' म्हणून. पोथीला लागणारी कीड ती कसर, आणि आपल्या हातून राहून गेलेली उणीव तीही कसरच. माझ्या बाबतीत हा शब्द जास्त नेमका बसतो.

एक आधीचीही आठवण आहे, तिने मला शहाणं करायला हवं होतं. २०१२च्या सुमाराला चेपॉकजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी पेन ड्राइव्हवरून पानं छापून घेतली. अशा दुकानांतला कॉम्प्युटर म्हणजे धर्मशाळा. दिवसभरात पन्नास पेन ड्राइव्ह त्याच भोकात घातले जातात. घरी येऊन पाहते तर सगळे फोल्डर गायब, त्याऐवजी एकच शॉर्टकट. रडायचीच बाकी होते. भाच्याने फोनवरून सांगितलं, "आत्या, त्या शॉर्टकटवर क्लिक करू नकोस," आणि काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायला लावली. फाइली जागच्या जागी होत्या, फक्त लपवलेल्या. त्यावरून मी निष्कर्ष काढला की व्हायरस म्हणजे खोडकर पोर, वस्तू लपवतं आणि मागितली की देतं. २०००च्या मे महिन्यात मनिलाहून निघालेलं ते प्रसिद्ध प्रेमपत्र आठवतंय? त्या फाइलच्या नावात टीएक्सटी दिसायचं आणि खरं शेपूट झाकलेलं असायचं. त्यानेही लोकांची छायाचित्रं पुसली पण गाणी नुसती लपवली होती. आम्ही तेव्हा एम.ए. करत होतो. प्रेमपत्र आलं तर न उघडणारा माणूस साहित्याच्या विभागात सापडायचा नाही, असा विनोद चालायचा.

आणि तो विनोद आमच्या धंद्याबाबत खराच आहे. अनुवादकाचा दिवस अनोळखी माणसांनी पाठवलेल्या जोडफाइली उघडण्यात जातो. 'सोबत नमुना मजकूर जोडला आहे, कृपया दर कळवा.' असं पत्र आलं की हात आपोआप पुढे होतो. आता मी आधी उत्तर लिहिते, प्रश्न विचारते, माणूस आहे याची खात्री करते. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळात लपवून ठेवतं. ते दाखव असं मी त्याला सांगून ठेवलं आहे, म्हणजे पीडीएफचा मुखवटा घातलेली ईएक्सई फाइल ओळखू येते. वर्ड फाइल 'मॅक्रो चालू करा' म्हणाली की मी ती बंद करते. गोष्ट वाचायला मॅक्रो लागत नाहीत.

घरातल्या यंत्राची व्यवस्थाही बदलली. रोजच्या कामाचं माझं खातं असं आहे की त्याला नवं सॉफ्टवेअर बसवायचा अधिकार नाही. त्यासाठी दुसऱ्या खात्याचा पासवर्ड लागतो आणि तो आठवून टाइप करेपर्यंत 'हे खरंच हवंय का' असा विचार करायला वेळ मिळतो. अपडेट आलं की 'नंतर' म्हणत नाही. विंडोजमध्येच २०१७पासून एक सोय आहे, ठरावीक फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहू न देण्याची. ती आपसूक चालू नसते, सेटिंगमध्ये जाऊन करावी लागते. मला ती दोन वर्षं उशिरा कळली. प्रूफांसाठी आता एक साधा फुकट प्रोग्रॅम वापरते, बनवणाऱ्यांनीच फुकट दिलेला. तो आधीही होता.

एक म्हातारं यंत्र मात्र मी टाकलेलं नाही. त्यावर विंडोज एक्सपी आहे, ज्याचे अपडेट ८ एप्रिल २०१४ला थांबले, आणि त्यावर जुन्या मराठी फॉण्टचं सॉफ्टवेअर आहे, मागे डोंगल लावल्याशिवाय न चालणारं. मराठीत पंधरा-वीस वर्षांपूर्वी काम करणाऱ्या प्रत्येकाकडे असं एखादं यंत्र किंवा त्याची खंत असते. युनिकोडपूर्वीच्या त्या फाइली दुसरीकडे उघडल्या की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. मामींची पानं मी त्यातच टाइप करत असे, कारण प्रकाशकाला तसंच हवं असायचं. म्हणूनच ती कधी कुणाला मेलने पाठवली नाहीत, कुणाकडे उघडलीच नसती. त्या यंत्राला इंटरनेट नाही आणि कधी मिळणारही नाही. त्याच्यापर्यंत जाणारा एकमेव रस्ता म्हणजे एक लाल पेन ड्राइव्ह, जो घराबाहेर जात नाही. झेरॉक्सच्या दुकानासाठी वेगळा, हिरवा. मुलगा याला सोवळं-ओवळं म्हणतो.

पण या कशापेक्षाही मोठं काम म्हणजे प्रती. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर: जाणकारांचा हा जुना नियम मी आता पाळते. रविवारी सकाळी इडलीचं पीठ आंबतंय का ते पाहून झालं की डिस्क जोडते, प्रत होते, डिस्क काढून कपाटात, वरच्या कप्प्यात. काढणं महत्त्वाचं. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीवाल्याला घरातल्याच खोलीसारखी दिसते, तिलाही तो कुलूप लावतो. आणि महिन्यातून एकदा प्रतीतली एखादी फाइल उघडून पाहते. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास राहिलेला नाही.

घराबाहेरची प्रत कुणाकडे ठेवावी हे ठरवताना मामींच्या नातीचा विचार आला. ती बंगळूरला असते. २०२१मध्ये मी तिला फोन केला, सगळं सांगितलं, चोरटं सॉफ्टवेअरसुद्धा. ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "आक्का, तू मला एक पाठवलं होतंस ना? माझ्या लग्नाच्या वेळी?" मला आठवत नव्हतं. २०१४मध्ये तिला आजीच्या आवाजातलं एक लग्नाचं गाणं हवं होतं, म्हणून मी त्या गुरुवारची पूर्ण फाइल मेलने पाठवली होती. तिच्या मेलमध्ये ती सात वर्षं पडून होती. तिने ती मला परत पाठवली.

मी ती लगेच ऐकली नाही. आधी तीन ठिकाणी प्रत केली.

पहिल्या दहा सेकंदांत मी तारीख सांगते. मागे कुकरची शिट्टी होते, तिथी ऐकू येत नाही. मग मामी मला काहीतरी विचारतात, पण जेवणाचं नाही. पंखा बंद करू का, त्याचा आवाज येईल, असं काहीसं. नातीला विचारलं, तिने चार वेळा ऐकून तेच सांगितलं. क्रियापदाचा शेवट दोघींनाही स्पष्ट ऐकू आला आणि मी तो लिहून ठेवला आहे.

बाकीची चाळीस ध्वनिमुद्रणं पुन्हा टाइप करणं चालू आहे, आता युनिकोडमध्ये. सव्वीस झाली. शंका आली की नातीला पाठवते, ती तिच्या आईला विचारते. कधी दोघींचं एकमत होत नाही, मग समासात दोन्ही लिहिते. प्रत्येक फाइलच्या वर एक रिकामी ओळ सोडते.